आधी ग्लास, मग उशी

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. बर्लिनहून शुक्रवारी दुपारची गाडी धरून प्राग, रविवारी परत, सोबत वहिनी आणि खिशात अकरा पबांची यादी! लेका, दोन रात्रींत अकरा पब म्हणजे पिणं नव्हे, ती पोस्टमनची फेरी झाली. यादी दोनदा वाचली आणि लाल पेन उघडलं. तीन वर्षं त्या शहरात काढल्यावर एवढा हक्क मला आहे असं मी समजतो.

तू विचारलंस, राहायचं कुठे आणि प्यायचं कुठे. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे: शनिवारी रात्री शेवटचा ग्लास कुठे खाली ठेवणार? ते ठरव, आणि तिथून पायी जाता येईल अशी खोली बघ. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. तिथे राहायला जाण्याआधी मुलाखतीसाठी एकदा गेलो होतो, तेव्हा जुन्या शहराच्या चौकाला चिकटून खोली घेतली. १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ दोन मिनिटांवर! फोटो झकास आले. पण रात्रभर खिडकीखाली कुणाकुणाच्या लग्नाआधीच्या पार्ट्या चालल्या होत्या, एकसारखे टी-शर्ट घालून, बेसूर गात. ते कसेबसे थकले, तर पहाटे चारला विमान गाठणाऱ्यांच्या बॅगांची चाकं दगडी फरसबंदीवरून खडखडायला लागली. मुलाखतीत मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही. नोकरी मिळाली हे नशीब.

२०२४ मध्ये पालिकेनं रात्री १० ते सकाळी ६ या वेळात गाइड घेऊन काढायच्या पब-फेऱ्यांवर बंदी आणली, त्यामुळे तिथला गोंगाट थोडा उतरला म्हणतात. पण गाणाऱ्याला गाइड लागतोच असं कुठंय? तेव्हा स्तारे मेस्तो, म्हणजे जुनं शहर, बघायला ठेव, झोपायला नको.

नदीपलीकडचं माला स्त्राना वहिनींना फोटोत बघताक्षणी आवडेल. रात्री तिथे खरोखर शांत असतं, आणि पहाटे उठून चार्ल्स पुलावर गेलात तर तो पूल (पायाभरणी १३५७ ची, बरं का) जवळजवळ तुमचा एकट्याचा. पण तिथले रस्ते चढाचे आणि दगडी; बॅग ओढत वर जाशील तेव्हा माझी आठवण काढशील. विनोह्रादी हा दुसरा चांगला पर्याय. नावाचा अर्थ द्राक्षमळे, पितात मात्र बिअर. रुंद, झाडांचे रस्ते, देखण्या जुन्या इमारती, आणि रीगर बागेतल्या उतारावर बसून सूर्य प्रागच्या किल्ल्यामागे जाताना बघायचा. वहिनींचं मत विनोह्रादीकडे पडलं तर वाद घालू नकोस.

माझं मत मात्र कार्लिन. मुख्य स्टेशनवर उतरलात की मेट्रोच्या सी लाइननं एक स्टेशन फ्लोरेंत्स, तिथे बदलून बी लाइननं एक स्टेशन क्रिझिकोवा, की आलं. सपाट भाग, सरळ रस्ते. २००२ च्या ऑगस्टमध्ये व्लताव्हा नदीला पूर आला तेव्हा हा सगळा भाग पाण्याखाली होता. काही घरं कोसळली. पुढे इतकं काम झालं की आज तिथे पुराची खूण शोधावी लागते. पण कार्लिन मी सांगतोय ते त्यासाठी नाही, बोगद्यासाठी. कार्लिनच्या मागे व्हित्कोव्हची टेकडी आहे, वर यान झिझ्का या जुन्या चेक सेनापतीचा घोड्यावरचा अवाढव्य पुतळा. टेकडीच्या पलीकडे त्याच्याच नावाचं झिझकोव्ह, पबांनी खच्चून भरलेलं. आणि टेकडीच्या पोटातून पायी चालणाऱ्यांसाठी जवळपास ३०० मीटरचा बोगदा, १९५३ पासूनचा. म्हणजे झिझकोव्हमध्ये प्यायचं, बोगद्यातून चालत यायचं, आणि कार्लिनमध्ये शांत झोपायचं. टेकडी चढायची नाही, टॅक्सी नाही, मेट्रोची वेळ नाही. त्या बोगद्यात आवाज फार घुमतो. तुला गाणं सुचेल. गाऊ नकोस.

आता पिण्याकडे येतो. पाटीवर १०, ११, १२ असे आकडे आणि पुढे अंशाचं चिन्ह दिसेल. १२ टक्के अल्कोहोल समजून मी पहिल्या दिवशी भीत भीत एकच घेतली होती, आणि शेजारचे आजोबा पाचवी संपवत होते! तो आकडा अल्कोहोलचा नाहीच. आंबवण्याआधी माल्टच्या काढ्यात विरघळलेली साखर वगैरे किती होती, त्याचा तो हिशोब. दहाच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण चार टक्के, बाराच्यात साडेचार-पाच. सबंध संध्याकाळ बसायचं असेल तर दहा अंशांची घे. तिथले जुने लोक तेच करतात.

दुसरं, फेस. फेस जास्त दिला म्हणून तक्रार करायला तू नक्की हात वर करशील, म्हणून आधीच सांगतो: तो फेस म्हणजे कारागिरी आहे. नेहमीच्या ग्लासाला ह्लादिंका म्हणतात, वर तीन बोटं दाट, ओला फेस. त्यानं खालची बिअर टवटवीत राहते. श्नीत मागितलंस तर फेस जास्त आणि बिअर कमी. आणि म्लीको, म्हणजे चक्क 'दूध': ग्लासभर नुसता पांढरा फेस, थोडा गोडसर. तो बसायच्या आत घटाघट संपवायचा. वहिनींना बिअर कडू लागते ना? हे एकदा चाखायला दे.

दाराबाहेर 'तांकोवे पिवो' लिहिलेलं दिसलं तर बिनधास्त आत जा. ती टाकीतली बिअर. पाश्चराइज न केलेली, टँकरनं थेट पबात येते. टाकीच्या आत पिशवी, पिशवीत बिअर, आणि बाहेरून हवेचा दाब. बिअरला हवा लागतच नाही. बाटलीतलीच पिल्सनर तू दहा वर्षं पीत आलायस, पण ही चव वेगळी आहे, पैज लावतो.

आणि या पिल्सनरचा जन्म भांडणातून झालाय. प्रागच्या नैर्ऋत्येला पिल्झेन आहे, तिथली बिअर इतकी खराब व्हायची की १८३८ मध्ये गावकऱ्यांनी ३६ पिंपं नगरपालिकेसमोर ओतून दिली. मग नवी भट्टी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि १८४२ मध्ये त्यानं ही सोनेरी बिअर काढली. वर्षभरात ती प्रागला पोचली ती एका शिंप्यामुळे. याकुब पिंकास त्याचं नाव. मित्रानं आणून दिलेली बिअर त्याला एवढी आवडली की सुईदोरा ठेवून त्यानं पबच काढला. 'उ पिंकासू' आजही चालू आहे. तुझ्या यादीत तो आहे, पण मी त्याला राखीव खेळाडू ठेवलाय.

हे 'उ' म्हणजे आपलं 'कडे'. 'उ पिंकासू', पिंकासकडे. मला हे फार आवडतं. हॉटेलात जातोय असं वाटत नाही, कुणाच्या घरी निघालोय असं वाटतं. त्या हिशोबानं तुझ्या अकरांतून मी तीन जनावरं ठेवली, म्हणजे जनावरांच्या नावांचे तीन पब.

शुक्रवारी रात्री दमून पोचाल, तेव्हा लांब जाऊच नका. कार्लिनमध्येच 'द्वा कोहोउटी', दोन कोंबडे. अंगणवजा जागा, स्वतःची छोटी ब्रुअरी, तरुण गर्दी, उभ्यानंच प्यायची तयारी ठेव. दोन ग्लास आणि झोप.

शनिवारी सकाळी २२ नंबरच्या ट्रामनं पोहोर्झेलेत्सला उतरा आणि किल्ल्याकडे वरून खाली चालत या. बाकीचं जग खालून वर धापा टाकत येत असतं. किल्ला आधी बघायचा की बैल, ते तुमचं तुम्ही ठरवा. बैल म्हणजे लोरेता या तीर्थमंदिरासमोरचा 'उ चेर्नेहो व्होला', काळ्या बैलाकडे. लाकडी बाकं, शेजारी अनोळखी माणूस, आणि किल्ल्यापासून इतक्या जवळ असूनही पर्यटकांसाठी केलेला काही थाटमाट नाही. इथे तासभर घालव.

मग तीनच्या ठोक्याला 'उ झ्लातेहो तिग्रा', सोनेरी वाघाकडे. दार तीनला उघडतं आणि त्याआधीच बाहेर माणसं थांबलेली असतात. १९९४ च्या जानेवारीत तेव्हाचे चेक राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी अमेरिकेच्या बिल क्लिंटनना पाहुणचाराला इथेच आणलं होतं. पण त्या फोटोसाठी जाऊ नकोस. नेहमीची मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी बसतात, तुला कोपरा मिळेल, आणि त्यांची वेळ झाली की उठावं लागेल. वाईट वाटून घ्यायचं नाही, जागा त्यांची आहे. जागाच नसेल तर राखीव खेळाडू, पिंकास, चालत दहा मिनिटांवर.

रात्री झिझकोव्ह. तिथल्या माझ्या पबाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की तू फोन काढून रेटिंग बघशील आणि ते वाईट निघेल. त्याऐवजी एवढं कर: बोगद्यातून बाहेर पड, चढाच्या गल्ल्यांतून फिर, आणि ज्याच्या खिडकीतून एकटे बसलेले म्हातारे दिसतील, इंग्रजी पाटी नसेल, तिथे शिर. आमच्या पबातला वेटर पहिले सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, याला मी नकोसा आहे. एका नोव्हेंबरात मी कोट काढून खुंटीला लावतोय तोवर टेबलावर माझा ग्लास आलेला होता. तेव्हाही तो काही बोलला नाही. त्या शहरात मला मिळालेलं सगळ्यात मोठं स्वागत ते.

आत शिरलात की टेबलावर 'रेझेर्वे' (राखीव) असं काही लिहिलेलं नाही ना ते बघ, आणि कुणी आधीच बसलं असेल तर विचार, 'ये तु व्होल्नो?', म्हणजे इथे जागा आहे का? बसलास की पुठ्ठ्याची चकती पुढ्यात ओढ. पाहिजे म्हणायची ती खूण. वेटर बिअर ठेवेल आणि कागदाच्या चिठ्ठीवर रेघ मारेल. ती चिठ्ठी तुझं बिल आहे. तिच्यावर काही लिहू नकोस, तिचा चुरगळा करू नकोस, आणि हरवू तर अजिबात नकोस. काही ठिकाणी ग्लास संपत आला की दुसरा न विचारता येतो. बस झालं, तर चकती ग्लासावर ठेवायची. उरलेली जुनी बिअर नव्या ग्लासात ओतशील तर शेजारी असे बघतील की जणू तू देवळात चपला घालून शिरलास. 'ना झ्द्रावी', म्हणजे चीअर्स, म्हणताना डोळ्यांत बघ. टिप दहा टक्क्यांच्या आसपास, आणि पैसे देतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगून टाकायचं.

वहिनींसाठी: 'कोफोला' नावाचं १९६० पासूनचं काळं, थोडं वनस्पतींच्या चवीचं पेय बऱ्याच पबांत नळावरच मिळतं. शाकाहारात स्माझेनी सिर, म्हणजे तळलेलं चीज, आणि ब्रांबोराक, बटाट्याची लसणाची धिरडी. ऑर्डर देताना मांस घालत नाहीत ना, एवढं विचारून घ्या. पबात सिगारेट २०१७ पासून बंद आहे, त्यामुळे कपड्यांना वास घेऊन परतायचं नाही.

पैशाचं एक. चलन कोरुना आहे, युरो नव्हे. चौकाजवळच्या एका दुकानावर '० टक्के कमिशन' वाचून मी २०० युरो बदलले आणि बाहेर येऊन मोजले तर पोटात गोळा आला. कमिशन शून्य, पण भावच कमरेत वाकवणारा. नंतर कळलं की पावती असेल तर तीन तासांच्या आत असा व्यवहार रद्द करता येतो, तसा कायदाच आहे. मला कळलं तेव्हा तीन महिने उलटले होते. एटीएमनं 'तुमच्या चलनात हिशोब करू का' विचारलं तर नाही म्हण, कोरुनाच घे. थोडी रोख खिशात असू दे, जुन्या पबांत कार्ड चालेलच असं नाही.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, शुक्रवारी-शनिवारी तासभर उशिरा. त्यानंतर नव्वदच्या पुढच्या नंबरांच्या रात्रीच्या ट्राम असतात आणि त्या लाझार्स्का नावाच्या थांब्यावर एकमेकींना भेटतात. कुठेही भरकटलात तरी तिथे या. कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या डब्यात शिक्का मारायचा, नाहीतर ते कोरा कागद. आणि भाड्याची सायकल पिऊन चालवायची नाही. दारूचा कायदा तिथे सायकललाही लागतो.

रविवारी ऊन असेल तर लेतना. टेकडीवरची बिअर बाग, खाली व्लताव्हा आणि तिच्यावर एकामागे एक पूल. पाऊस असेल तर झोपा काढा, उगाच संग्रहालयांत शिरू नका.

बाकी भेटीत. वहिनींना नमस्कार सांग, आणि पोचल्यावर एक ओळ तरी टाक.

तुझा
पक्या

ता. क. गाडीत डब्यातल्या सीटवर पेंगत बसू नकोस. चेक रेल्वेचं डायनिंग कार जोडलेलं असेल, तिथे ताजी ड्राफ्ट बिअर मिळते. ड्रेस्डेन सुटलं की एल्ब नदी खिडकीशी येते, आणि मोठ्या खडकांच्या कड्यांमधून बराच वेळ सोबत राहते. जाताना डावीकडची खिडकी धर. येताना उजवीकडची.