ब्लँश लॅझेलचा ठोकळा

प्रिय अरुणा,

एकाच लाकडी ठोकळ्यावरून इतके रंग कसे छापायचे, असं तू विचारलंस. याचं उत्तर अमेरिकन चित्रकार ब्लँश लॅझेलकडे आहे. जन्म १८७८, गाव वेस्ट व्हर्जिनियातलं मेड्सव्हिल, घरची शेती. १९१२ साली पॅरिसला शिकायला गेली, १९१५ पासून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिन्सटाउनला. जपानी पद्धतीत दर रंगाला वेगळा ठोकळा कोरावा लागतो. त्याला कंटाळून तिथल्याच नॉर्डफेल्ट या चित्रकाराने एकाच ठोकळ्याची युक्ती काढली. लॅझेल ती १९१६ मध्ये ऑलिव्हर चॅफी या चित्रकाराकडून शिकली आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, तिने ती सोडली नाही.

कोरणं त्या मानाने सोपं. चित्र ठोकळ्यावर उलटं उतरवायचं, आणि दोन रंगांच्या मधोमध इंग्रजी व्ही आकाराची खाच मारायची. खाचेत रंग जात नाही, म्हणून कागदावर तिथे पांढरी रेघ उमटते. खाच फार बारीक झाली तर रंग ओघळून भरते आणि रेघ गायब होते. फार रुंद झाली तर चित्रात जाळीच तेवढी दिसते.

खरी परीक्षा छापताना. कागदाची एक कड टाचण्यांनी ठोकळ्याला पक्की करायची, वहीचं पान उलटावं तसा तो उघड-मीट करता आला पाहिजे. जलरंग फार पटकन वाळतो, त्यामुळे ब्रशने एकच तुकडा रंगवायचा, लगेच कागद पाडायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. मग कडेने उचलून डोकावायचं. फिकट उमटलाय? तोच तुकडा पुन्हा रंगव, पुन्हा घास. रंग पाणचट असला तर खाचेत उतरतो, घट्ट असला तर ठिपकेठिपके उठतात. मध्येच टाचणी निघाली की संपलं; कागद पुन्हा नेमका बसत नाही.

म्हणूनच तिच्या एकाच ठोकळ्याच्या दोन प्रती रंगात सहसा जुळत नाहीत. मला तर त्यातच गंमत वाटते. १९१९ चं तिचं ‘मोनॉन्गहेला’ बघ, तिच्या गावाकडच्या नदीचं. आणि हो, तिला नुसती प्रांतीय चित्रकार म्हणू नकोस. १९२३ साली ती पुन्हा पॅरिसला गेली, आल्बेर ग्लेझ या चित्रकाराकडे क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत फोडून मांडायची शैली, शिकली, आणि अमेरिकेत तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं तेव्हा अमूर्त चित्रं काढू लागली.

पहिला ठोकळा तळहाताएवढाच घे, तीन-चार रंगांचा. आणि अक्षरं कोरणार असशील तर आधी आरशात धरून वाच.

तुझी,
मेधा