भट्टीवाल्या काकांना, ज्यांचं नाव मी भिशीत घेतलं नाही

भट्टीवाले काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवते आहे, तो तुम्हाला वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला आले असते तर तुम्ही "जाऊ द्या की वो बाई" म्हणून पाव मोजायला लागला असता. आणि उघड लिहायचं कारण असं, की ज्या चौदा जणींसमोर मी त्या दिवशी गप्प बसले, त्यांनीही हे वाचायला हवं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी भिशी माझ्याकडे होती. तुमच्या भट्टीतून निघालेला तो आंब्याचा कॉब्लर सगळ्यांनी ताटलीला बोट लावून संपवला. "अगंबाई, हे तूच केलंस?" असं एकीनं विचारलं, आणि मी नुसती हसले. आपल्याकडे असं हसलं की त्याचा अर्थ हो असाच होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यात माझे फक्त आंबे होते. तेही जाऊबाईंच्या माहेरून आलेले.

आंब्यांपासूनच सांगते. केशरच्या दोन पेट्या आल्या, आढी लावली, आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा त्रेचाळीसवर गेला की आंबे एकेक पिकत नाहीत, सगळे एका रात्रीत पिकतात. चार दिवस आमरस झाला. पाचव्या दिवशी मुलानं वाटी बघूनच "परत?" असं तोंड केलं. म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला. त्या राज्याला तिकडे पीचचं राज्यच म्हणतात. ती म्हणाली, "कॉब्लर कर गं. आम्ही पीचचा करतो, तू आंब्याचा कर. खाली फळ, वर बिस्किटाचं टॉपिंग, ओव्हनमध्ये ठेव, झालं." ज्यांना येतं ते असंच बोलतात. झालं म्हणे!

मी काय केलं असेल? घरात चहाबरोबर खातो ती ग्लुकोजची बिस्किटं आंब्याच्या फोडींवर ओळीनं मांडली आणि वर तूप सोडलं. अर्ध्या तासानं ओव्हन उघडला. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाशी जातं आणि शेवटच्या घोटाला हाती लागतं ना, तसा आख्खा ट्रे दिसत होता.

फोटो पाठवल्यावर बहीण इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. मग तिनं सांगितलं, अमेरिकेत बिस्किट म्हणजे आपलं बिस्किट नव्हेच. ते मऊ असतं, फुगतं, आतून पदर सुटतात, गोड जवळजवळ नसतंच. मैदा, लोणी, बेकिंग पावडर आणि ताक. तो गोळा फळावर चमच्यानं ठेवायचा, म्हणजे वरून दगडगोटे मांडल्यासारखं दिसतं. तिकडे जाऊन वसलेल्या इंग्रज लोकांकडे घरोघरी भट्टी नव्हती. ते लोखंडी जाड भांड्यात फळ आणि पीठ घालून झाकणावर निखारे ठेवायचे. हे ऐकल्यावर मला आजी आठवली. पातेल्यावर परात, परातीत निखारे, आणि आत नानकटाई. म्हणजे पदार्थ परका असला तरी त्याच्या खालचा-वरचा विस्तव ओळखीचा निघाला. तेवढ्यानं मला उगाच धीर आला.

उगाच म्हणते, कारण दुसऱ्या दिवशीचा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट झाला. शंकरपाळ्याला घालते तसं कडकडीत मोहन मी मैद्यात ओतलं, ताक घालून चपातीसारखं चांगलं दहा मिनिटं तिंबलं, ओल्या फडक्याखाली झाकूनही ठेवलं. मामंजींनी त्यातला एक गोळा उचलला आणि टेबलावर टक् टक् वाजवून बघितला. कवळी बसवल्यापासून त्यांची कडक भाकरी सुटली आहे, त्याचं दुःख ते रोज जेवताना सांगतात. म्हणाले, "सूनबाई, कडक भाकरी गोड केलीस होय? पण आता मला कुठं चावते!"

तोच गोळा डब्यात घालून मी शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे आले. खरं तर आले होते ताजी बेकिंग पावडर मागायला. दोष पावडरीचाच असणार अशी माझी खात्री होती. तुम्ही गोळा हातात घेतला, वास घेतला, मधोमध मोडला आणि मोडलेली बाजू ट्यूबलाइटकडे धरली. कॉब्लर हा शब्द तुम्ही त्याआधी ऐकला नव्हता. तरी एका मिनिटात विचारलंत, "मोहन गरम घातलं न्हवं? आन् मळलं बी भरपूर." मी हो म्हणाले. "मग नानकटाईबी झाली नाही आन् खारीबी नाही. मधीच मेली."

काका, तुमच्यासारखं समजावून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मऊ किंवा पातळ तूप मैद्याच्या कणाकणाला लागतं, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. खारीत तसं चालत नाही. तिथं चरबी गारच राहिली पाहिजे, मैद्यापासून वेगळी राहिली पाहिजे. भट्टीत गेली की ती आत वितळते, पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ पीठ उचलून पदर सोडवते. माझ्या बहिणीचं बिस्किट खारीच्या घरातलं, आणि मी त्याला नानकटाईच्या घरात नांदायला धाडलं होतं. वर इतकं तिंबलं की मैद्याला चिवटपणा चढला. पंचवीस वर्षं स्वयंपाक करते आहे, कडकडीत मोहन आणि भरपूर तिंबणं हे दोन्ही मी गुण समजत होते.

शनिवारी सकाळी सातला वीज गेली. भिशी चारला. मैदा, ताक, बर्फासारखं केलेलं बटर, आंब्याचं पातेलं आणि परात घेऊन मी रिक्षात बसले. लहानपणी दिवाळीआधी आई अशीच मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची, आणि आम्ही डबा राखत रांगेत उभे राहायचो. "आता घरगुती काय भाजून देत न्हाई," असं तुम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मला दारात बघून तुम्ही काहीच बोलला नाहीत. परात मात्र माझ्या हातातून काढून घेतलीत.

पुढचा अर्धा तास मला लख्ख आठवतो. अर्धा किलो मैदा, पाच चमचे बेकिंग पावडर, ताकासाठी अर्धा चमचा सोडा, मूठभर साखर. पाव किलो बटर तुम्ही खारीची चरबी ठेवता त्या बर्फपेटीत दहा मिनिटं परत ठेवलंत. बाहेर पाव भाजून झालेली भट्टी, आत आपण दोघं घामानं निथळतोय, आणि तुमची बोटं त्या बटरला जेमतेम शिवत होती. तळहात लावू देत नव्हता, "हाताच्या मधी ऊन असतंय," म्हणालात. चुटकी वाजवावी तसं तुकडा धरायचा, मैद्यात चेपायचा, सोडायचा. हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे दिसायला लागल्यावर मी आणखी बारीक करायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. मग गार ताक ओतलं, चार वेळा वरखाली केलं. पीठ ओबडधोबड, कुठं ओलं कुठं कोरडं. माझे हात आपोआप मळायला गेले. "बस. हात काढा. हे काय चपाती हाय?"

फळाचं तुम्ही विचारलंत ते बहिणीनंसुद्धा सांगितलं नव्हतं. सगळे आंबे पूर्ण पिकलेले आहेत का? मग विरघळून नुसता रस होईल, चार पाडाचे घाला. तुमच्या पोरानं कोपऱ्यावरून पाडाचे आंबे आणून दिले. फोडींना लिंबू, साखर आणि तीन चमचे कॉर्नफ्लोअर लावून पातेलं तुमच्या चहाच्या गॅसवर चढलं. खाली फळ गार असलं तर वरचं पीठ खालून कच्चं राहतं, म्हणून फळ तापवूनच भाजायच्या पत्र्यात ओतायचं. मामंजींनी डाळिंबाचे दाणेही डब्यात दिले होते. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांना प्रत्येक गोडात डाळिंब हवं असतं. तुम्ही डबा उघडून बंद केलात. "ह्याला भाजलं तर पाणी सुटतं, बी तेवढं दाताखाली राहतं. कवळीवाल्याला हे घालताय होय?" मामंजींना मी हे अजून सांगितलेलं नाही. आता वाचतीलच.

गोळे तुम्ही चमच्यानं ठेवलेत, मधे दोन दोन बोटं जागा सोडून. मला ती जागा भरून टाकायची होती, कारण रिकामी जागा दिसली की माझा जीव राहत नाही. "वाफेला वाट ठिवा की." आणि मग माझा सगळ्यात मूर्खपणाचा क्षण. मी तुम्हाला म्हणाले, "काका, ओव्हन एकशे नव्वद डिग्रीला लागतो बरं का." तुम्ही मान हलवलीत, चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकलात आणि तेलुगूत मोजायला लागलात, ओकटी, रेंडू, मूडू. मैदा फार लवकर काळा पडला. "अजून कडक हाय." भट्टीचं तोंड उघडं टाकून थांबलात, पुन्हा मैदा टाकलात, पुन्हा मोजलंत. तिसऱ्या वेळी तो हळूहळू बदामी झाला, तेव्हा पत्रे आत सरकवलेत. डिग्रीचं पुढं काहीच निघालं नाही.

पस्तीस मिनिटांनी वरचे गोळे छान तांबूस झाले होते. मी "झालं!" म्हणाले. (बहिणीसारखं.) तुम्ही आत वाकून कडेचा रस बघितलात. तो अजून पाण्यासारखा भराभरा उकळत होता. "पिठलं करता न्हवं? पिठलं शिजल्यावर कसं थबथब करतं?" आणखी सहा-सात मिनिटं गेली. मग गोळ्यांच्या फटींतून जाड, सावकाश बुडबुडे यायला लागले, एकेक फुटताना थब् असा आवाज करत. कॉर्नफ्लोअर नीट उकळल्याशिवाय रस धरत नाही, हे आता मला कुठल्याही पुस्तकात वाचायची गरज नाही. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू दिला नाहीत तुम्ही. रिक्षातसुद्धा पत्रा सपाट धरायला पोराला माझ्याबरोबर पाठवलंत.

मामंजींना वाटीत दिलं. वरून कुरकुरीत, आत कापसासारखं, खाली आंब्यात मुरलेलं. कवळीची तक्रार न करता त्यांनी जेवण संपवलं, आमच्याकडे ही बातमी आहे. डाळिंबाचं काय झालं एवढं मात्र विचारलं.

भिशीत काय झालं ते वर लिहिलंच आहे. त्यातली सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट अजून सांगितली नाही. एकीनं कृती विचारली आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बटर गार पाहिजे, आणि हाताच्या मधी ऊन असतंय, म्हणून बोटांनीच करायचं." तुमचं वाक्य, तुमच्या शब्दांत. तेव्हा मला वाक्याचा मालक सांगता आला असता. अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या पडताना माणूस फार सावकाश खरं बोलतो. तर भिशीच्या मैत्रिणींनो, ऐका. आंबे जाऊबाईंच्या भावाचे, कृती बहिणीची, आणि हात पूर्व भागातल्या एका काकांचे, ज्यांनी तो पदार्थ जन्मात पाहिला नव्हता. गोळे कसे मेले हे त्यांनीच सांगितलं आणि जिवंतही त्यांनीच केले. मी परात आणली आणि घाई केली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. भट्टी तापलेलीच होती, म्हणालात. मी थोडं वाटीत काढून ठेवलं होतं, त्यात तुम्ही खारी बुडवून खाल्लीत आणि "आंबट जरा कमी पडलं" एवढाच अभिप्राय दिलात. बरोबर होता. पुढच्या वेळी लिंबू दीड घालीन. तुम्हाला काहीतरी द्यावं म्हणून दुकानापर्यंत जाऊन आले. पण सोलापुरात चादर घेऊन सोलापूरकराच्या घरी जायला धीर होईना, तुमच्या घरी तर वडिलांचा माग होता.

एक राहिलं. तुमचा एक पत्रा अजून माझ्याकडे आहे. घासून, पुसून, फळीवर उभा करून ठेवला आहे, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही असं आमच्याकडे आहे म्हणून तीन आठवडे तो तिथंच आहे. तेवढ्यात आंबे संपले. बाजारात जांभळं आली आहेत. बिया काढताना हात जांभळे झाले तर होऊ देत. येत्या गुरुवारी सकाळी, पाव निघाल्यावर, परातीसकट येते. मळणार नाही.

आपली,
परातवाल्या बाई