केस केशरी का पडतात ते आधीच सांगा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की आपल्या इंदूरच्या पार्लरमध्ये सोनेरी हायलाइट करून घ्यायला मुलींची गर्दी होते, मी याच लाइनमध्ये आहे म्हणून सांगते, थोड्या दिवसांनी त्यातल्याच कितीतरी जणी केस केशरी पडले म्हणून रडवेल्या होऊन येतात. त्यांना कुणीतरी एवढंच सांगितलेलं असतं की पर्पल शॅम्पू लावा. इतके पैसे घेऊन असं अर्धवट सांगणं मला अजिबात पटत नाही.

आपले केस मुळात काळे, ब्लीच केलं की काळा-तपकिरी रंग आधी निघतो आणि खालचा लालसर-पिवळा चिवटपणे मागे राहतो, त्याला झाकायला टोनर, म्हणजे वरून हलका रंग, करतात पण तो दर धुण्याला थोडा थोडा उतरतो, महिना-दीड महिन्यात बहुतेक गेलेलाच असतो. जांभळा रंग फक्त पिवळेपणा मारतो हो, केशरीवर निळा शॅम्पू लागतो, आणि आपल्याकडे बऱ्याच जणींचे केस केशरीपर्यंतच उजळलेले असतात! हा निळा शॅम्पूही आठवड्यातून एकदाच, तीन-चार मिनिटं, रोज लावला तर केस कोरडे पडतात.

आणि पाण्याचं तर कोणी बोलतच नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून कितीतरी घरांत अंघोळीला बोरिंगचंच पाणी. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो ना, तेच क्षार केसांवर बसतात, पाण्यात लोह असेल तर रंग अजूनच तांबूस होतो. ब्लीच झालेला केस सगळं शोषून घेतो, रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतला, रंगसुद्धा त्यातून लवकर निघत नाही, त्या दिवशी तेल चोपडून वर स्कार्फ बांधाच. एरवी निदान शेवटचं पाणी तरी नर्मदेचं घ्या, साठवलेलं एक बादली पुरतं, आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा चिलेटिंग शॅम्पू. ऊन आणि स्ट्रेटनरनेही रंग फिका पडतो, ते वेगळंच.

माझी सगळ्या पार्लरवाल्यांना हात जोडून विनंती आहे, ब्लीचचा ब्रश हातात घ्यायच्या आधी घरी पाणी कुठलं येतं ते विचारा आणि टोनर परत परत करावा लागेल, त्याचा खर्च पहिल्याच दिवशी सांगा. तुमच्या पुरवणीत सोनेरी केसांचे फोटो येतात, त्यांच्याखाली हेही छापलंत तर फार बरं होईल.

एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर