सेल्फ विकत घेण्याआधी

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं. "ट्रॅक्टरची दुसरी बॅटरीसुद्धा गेली, आता सेल्फ आणि डायनॅमो एकदमच बदलून टाकतो" हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. जरा थांब. सेल्फ इंजिन फिरवून चालू करतो आणि डायनॅमो बॅटरी भरतो, पण दोष यांतच असेल असं नाही. हे पत्र लांबणार आहे, पण नव्या सेल्फपेक्षा स्वस्तच पडेल.

तू आत्ता जे करायला निघाला आहेस ते मी करून बसलोय. माझा ट्रॅक्टर सकाळी 'घुर्र' करून गप्प व्हायचा. बॅटरी बदलली, फरक नाही. सेल्फ बदलला, दोन दिवस मस्त चालला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष सापडला तो भलतीकडेच. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसीला जिथे आवळली होती, तिथे केबलच्या टोकावरच्या थिंबलखाली आधीच्या मालकाने दिलेला रंग होता आणि रंगाखाली गंज. सेल्फ बसवताना केबली हलवल्या म्हणून दोन दिवस संपर्क सुधारला होता, एवढंच. जुना सेल्फ अजून माझ्या फळीवर आहे, ठणठणीत. रोज तोंड दाखवतो.

तुझ्या तक्रारीत दोन आजार एकमेकांत अडकलेत: सकाळी सेल्फ न घेणं आणि दिवसभर चार्जिंग न होणं. दोन्ही वेगळे तपास. आणि तपासाआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घे, कारण अर्ध्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंच माप खरं बोलत नाही. भरल्यावर रात्रभर सुटी ठेव आणि सकाळी मल्टीमीटर लाव. १२.६ व्होल्ट किंवा थोडे वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. रात्रभर भरूनही १०.५ च्या आसपास घुटमळत असेल, तर सहापैकी एक घर गेलं. मग मात्र ती बॅटरी वाचवण्याच्या भानगडीत पडू नकोस.

आता खरी गंमत. मीटरचे टोक थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धर, केबलच्या क्लॅम्पवर नाही. इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेव, म्हणजे ते चालू होणार नाही, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर, किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट खातोय. आकडा बारालाच चिकटून राहिला आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष. वाट कुठेतरी बंद आहे.

ती वाट शोधायची रीत अशी. एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मार. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत गळताहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग मायनस खुंट ते इंजिनचा ब्लॉक, रंग नसलेल्या जागी. इथे पाव व्होल्टच्या पुढे गेलं की अर्थिंग खराब समज. छोट्या डिझेलचा सेल्फसुद्धा फिरताना दोनेकशे अँपिअर ओढतो. वाटेत फक्त एक शतांश ओहम अडथळा असला तरी दोनशे गुणिले ०.०१, म्हणजे दोन व्होल्ट तिथेच खलास. तो शतांश ओहम तुला साध्या मीटरच्या ओहमवर कधीच दिसणार नाही. म्हणून माप लोडवरच, म्हणजे करंट वाहत असतानाच घ्यायचं.

तू लिहिलंस, "सगळीकडे बारा व्होल्ट येताहेत." येणारच. केबलची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा दाखवतो, कारण मीटर काही ओढतच नाही. सारखी फसगत होते ती इथेच. माझ्या पेटीत मीटरच्या शेजारी हेडलाइटचा एक जुना बल्ब दोन वायरी लावून ठेवलाय. बल्ब लखलखीत पेटला तरच त्या वायरीवर विश्वास.

आवाजाकडेही कान दे. चावी फिरवल्यावर भराभर टकटकटक झालं तर बॅटरी उतरलेली किंवा क्लॅम्प ढिला. एकच दणदणीत 'टक्' आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फच्या चुंबकी स्विचच्या आतले तांब्याचे संपर्क झिजले असण्याचा दाट संशय. बऱ्याच सेल्फांत ते संपर्क सुटे बदलता येतात. त्यासाठी अख्खा सेल्फ फेकायची गरज नाही. आणि काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडची बारीक वायर तपास. छोट्या ट्रॅक्टरवर ही वायर चावीपासून क्लचच्या स्विचमधून, कुठे पीटीओच्या (अवजारं फिरवणाऱ्या दांड्याच्या), कुठे न्यूट्रलच्या स्विचमधून फिरून येते. प्रत्येक जोडावर थोडं थोडं गळत सोलेनॉइडपर्यंत आठ-नऊ व्होल्टच पोचतात, आणि मग तो कधी उचलतो, कधी नाही. "पाच वेळा चावी फिरवली की सहाव्यांदा घेतो" असं तू लिहिलं आहेस, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. जोड साफ कर. नाहीच जमलं तर सेल्फजवळ एक रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच बसव. बॅटरीचा करंट फ्युजमधून रिलेमार्गे सोलेनॉइडला जाऊ दे आणि चावीच्या वायरीने फक्त रिले उचल. सेफ्टी स्विच त्या वायरीत तसेच राहू देत, ते काढून टाकू नकोस.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं झालं तर तो वेगळाच धडा. थोडक्यात सांगतो: सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय का बघ. येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग सुरू होताना इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग तपास. त्यांच्यावरची जोडपट्टी काढून एकेकाचा ओहम घे. चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग जळालेला. धूर अजिबात नाही, तर डिझेलच पोचत नाही: फिल्टर तुंबलाय, एअर धरलीय, किंवा डिझेल तोडणारा सोलेनॉइड चावीवर उघडत नाहीये. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे मात्र मारू नकोस. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन-रिंग फोडतो.

आता चार्जिंग. आधी तुझ्याकडे आहे काय ते बघ, कारण 'डायनॅमो' हा शब्द आपण दोन्हीला वापरतो. एक असतो आल्टरनेटर, मागे करंट बाहेर देणारं जाड बी टर्मिनल असलेला. दुसरा छोटा, कायम चुंबकाचा, ज्यातून एकसारख्या दोन वायरी निघतात आणि व्होल्ट काबूत ठेवणाऱ्या वेगळ्या रेग्युलेटरकडे जातात. कुठलाही असला तरी पहिलं माप एकच: इंजिन चांगल्या रेसवर आणि मीटर बॅटरीवर. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. बंद असतानाचाच आकडा दिसला तर काही भरत नाहीये. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय.

आल्टरनेटर असेल तर पट्टा, मग चावी लावल्यावर चार्जिंगचा दिवा पेटतो का ते बघ. पुष्कळ मॉडेलांत त्या दिव्यातून जाणारा करंटच आल्टरनेटरला जागा करतो. बल्ब जळाला की यंत्र चांगलं असूनही ते झोपून राहतं. मग बी टर्मिनल ते बॅटरी प्लस, तीच लोडवरची गळती. वाटेत फ्युजिबल लिंक, म्हणजे फ्युजसारखी वितळणारी वायर असेल तर हलकेच ओढून बघ. ती बाहेरून धडधाकट दिसते आणि आत वितळलेली असते; रबरासारखी ताणली गेली की समजायचं.

चुंबकवाला असेल तर त्या दोन वायरी जोडातून सोडव, मीटर एसीवर ठेव आणि रेस वाढव. आकडा रेसबरोबर चढत विसाच्या आसपास किंवा वर गेला तर डायनॅमो बरा आहे, संशय रेग्युलेटरवर आणि त्याच्या अर्थिंगवर.

आणि हो, तू मागच्या वर्षी ५५ वॉटचे दोन जादा दिवे लावलेस ना? ते नऊ अँपिअर खातात. असे छोटे डायनॅमो पूर्ण रेसवरसुद्धा बारा-पंधरा अँपिअरच्या घरात देतात, मंद रेसवर त्याहून कितीतरी कमी. रात्री कमी रेसवर दिवे लावून काम केलंस तर काहीही बिघडलेलं नसताना बॅटरी उतरेल. सेल्फला दोष देऊ नकोस. दहा सेकंद दोनशे अँपिअर म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर-तास, ते दिवे दहा मिनिटांतच जवळजवळ तीनपट संपवतात. असले दिवे एलईडीचे कर.

राहिली उभ्या-उभ्या उतरण्याची गोष्ट. चावी बंद करून निगेटिव्ह केबल काढ आणि खुंट व केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लाव. अशा वेळी चावीला कोणालाही हात लावू देऊ नकोस, मीटरचा फ्युज उडेल. इतक्या जुन्या ट्रॅक्टरवर जवळपास शून्य यायला हवं. ५० मिलीअँपिअर किरकोळ वाटतात, पण महिन्यात ३६ अँपिअर-तास होतात. आकडा दिसला तर आल्टरनेटरची बी वायर सोडून बघ. शून्य झालं तर आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग गळतोय.

मला पाचच आकडे कळव: सकाळचे व्होल्ट, सेल्फ मारताना खुंटावरचे, प्लस आणि मायनसच्या वाटेवरची गळती, आणि रेसवरचे. मग बघू काय घ्यायचं ते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या

ता. क. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडून चालू करतोस असं लिहिलं आहेस. त्यात सगळे सेफ्टी स्विच बाजूला पडतात आणि तू नेमका मागच्या चाकापुढे उभा असतोस. गिअर राहिला असेल तर ट्रॅक्टर अंगावरून जातो. ते आजपासून बंद. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग बघायची' सवयही सोड. आल्टरनेटरचे डायोड त्यानेच मरतात.