डँपर नंतर बदल, आधी गाडीखाली जा

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा निरोप वाचला आणि रात्री धड झोप लागली नाही. 'उंच स्प्रिंग टाकून गाडी लिफ्ट केल्यापासून सत्तर-ऐंशीला स्टेअरिंग जरा नाचतं, स्टेअरिंगचे हादरे दाबणारा हेवी डँपर टाकतोय, मिटेल,' एवढं लिहून तू पुढच्याच ओळीत म्हणतोस की श्रावणात आप्पांना आणि काकूंना घेऊन वणीला येणार. या दोन ओळी एकाखाली एक वाचल्या आणि पोटात गोळा आला. फोनवर हे तुकड्यातुकड्यांत होईल, म्हणून बसून लिहितोय. सगळं वाच, मग गॅरेजला जा.

माझ्या गाडीचं झालं ते मी तुला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. घरातलं कोणी ऐकत असायचं, आणि मलाही ते पुन्हा आठवायचं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गाडी जेमतेम आठ महिन्यांची होती, अकरा हजार किलोमीटर झालेली. इगतपुरीहून परत येत होतो. आई शेजारी, लेक मागे झोपलेली. वाडीवऱ्हे मागे पडलं होतं, वेग सत्तर-पंचाहत्तर. एका पुलाच्या जोडावर डावं चाक आपटलं आणि त्याच क्षणी स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे मारायला लागलं. नाचणं नव्हे रे, मारणं. मनगटापर्यंत हिसके. आरशात काही दिसेना, डॅशबोर्ड खडखडत होता, पुढचं सगळं धड सुटून पडतंय असा आवाज. आईने वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तिच्या तोंडून 'रामा' एवढंच आलं. मागे ट्रक होता. ब्रेक दाबला तर गाडी कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाजच येईना. वेग तिशीच्या खाली आला तेव्हा एकदम शांत झालं. कडेला उतरून पाहिलं तर चारही चाकं जागेवर, एक नट सैल नाही. पावसात उभा राहून मी टायरकडे नुसता बघत राहिलो.

याला डेथ वॉबल म्हणतात. नाव भडक आहे, पण ज्याने अनुभवलंय त्याला ते खोटं वाटत नाही.

आपल्या दोघांच्या गाड्यांना पुढे अख्खा एक्सल आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच लोखंडी नळी. खडकावर आपण त्याचंच कौतुक करतो. पण एक चाक उचललं की सगळा एक्सल कलतो, आणि वेगाने फिरणारं चाक कललं की भोवऱ्यासारखं आपोआप वळायला बघतं. वळलं की टायर रस्ता धरून त्याला परत ओढतो, ते पलीकडे जातं, तिथून पुन्हा अलीकडे. सगळे सांधे घट्ट असतील तर दोन-तीन झोक्यांत ही हालचाल मरते. कुठे थोडी ढिलाई असली की प्रत्येक झोक्याला मोकळी जागा मिळते आणि धावत्या गाडीचाच जोर त्याला मिळत राहतो. म्हणून वेग उतरेपर्यंत ते थांबत नाही.

हे मला समजावलं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी. ते ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले, जिथे मिग-२१ विमानं बनायची. विमानाच्या नाकाखालचं चाकही धावपट्टीवर असंच थरथरतं, त्याला शिमी म्हणतात आणि त्यासाठी तिथेही डँपर असतो. पण काका म्हणाले, 'शिमी आली की आम्ही डँपर बघायचोच, त्याबरोबर जोडकामाच्या पिना आणि बुशही मोजायचो. तिथे झीज असेल तर नवा डँपर चार दिवस टिकायचा.' मोटारींना हा रोग फार जुना आहे, हेही त्यांनीच सांगितलं. १९२०च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, कमी हवेचे जाड टायर आले, आणि अख्ख्या एक्सलच्या गाड्या थरथरू लागल्या. १९३४ साली जनरल मोटर्सने आपल्या काही गाड्यांची पुढची चाकं स्वतंत्र टांगली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. म्हणजे आपण हौसेने जी रचना घेतली तिच्यात हा स्वभाव आहेच. तो काबूत ठेवायचा तर सांधे घट्टच हवेत.

आता माझा वेळ कुठे वाया गेला ते ऐक, कारण तूही त्याच वाटेला लागला आहेस.

आधी मी सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी चाकं काढली तर आतून रिमला वाळलेल्या चिखलाचे पोपडे. आदल्या आठवड्यात हरसूलकडे गेलो होतो, तिथली लाल माती. धुतलं, बॅलन्सिंग केलं, गाडी लोण्यासारखी पळाली. मला वाटलं, सापडलं. आणि ते चुकीचंही नव्हतं. ७० सेंटिमीटर व्यासाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो, म्हणजे ऐंशीच्या वेगाला सेकंदाला १० फेरे. एका बाजूला माती चिकटली की सेकंदाला दहा धक्के. पण हा धक्का म्हणजे ठिणगी. दारू दुसरीकडेच भरलेली होती.

बारा दिवसांनी उड्डाणपुलावर, मुंबई नाक्याच्या वर, पुन्हा तेच. तिथे कडेला घ्यायलाही जागा नाही. त्या दिवशी एकटा होतो, एवढंच नशीब.

मग नवा डँपर. इथे मला तुला थांबवायचंय, बंड्या. डँपर टाकल्यावर तीन आठवडे गाडी इतकी छान चालली की मी घरी पेढे आणले. चौथ्या आठवड्यात ओझरच्या अलीकडे पुन्हा झालं, आणि आधीपेक्षा जोरात. डँपरने हालचाल दाबून धरली होती आणि खालची झीज वाढत होती. मधल्या काळात मिळणारी छोटी थरथर, जी ऐकून माणूस सावध होतो, तीही त्याने मिटवून टाकली. तू हेवी डँपर टाकशील तर तुझंही हेच होईल. तीन आठवडे बरं वाटेल, आणि ते तीन आठवडे नेमके श्रावणात येतील.

शेवटी वडाळा नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. जन्मभर पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या जुन्या जीप उघडण्यात गेलेला माणूस. मी म्हटलं, चला, चालवून दाखवतो. ते म्हणाले, 'चालवून काय बघायचं भाऊ, मरायचंय का? पहिले खाली बघू.' पोऱ्याने जॅक आणला तर त्यालाही परत पाठवलं. 'वर टांगली की सगळं सरळ दिसतं. वजन चाकावर राहू दे.'

तू हेच करून घे. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टेअरिंग मधोमध धरून पाव-पाव फेरा डावी-उजवी हलवत राहायचं, भरभर. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. नुसतं बघायचं नाही, हात ठेवायचा. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटांना कळते. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, आणि सगळ्यात नीट पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं. हा रॉड एक्सलला आडवं सरकू देत नाही. तोच ढिला असेल तर बाकीचं घट्ट असून काय उपयोग?

माझ्या गाडीत तिथेच सापडलं. मी स्टेअरिंग हलवतोय आणि खालून चाचांचा आवाज, 'बस, बस. इकडे या, तुम्ही स्वतः हात लावा.' ते आत बसले, मी खाली झोपलो. रॉडच्या एक्सलकडच्या टोकावर बोट ठेवलं. स्टेअरिंग फिरलं की रॉडचा डोळा आधी ब्रॅकेटमध्ये 'टक्' करून सरकत होता, मग एक्सल हलत होता. बोल्टभोवती घासून चकचकीत झालेलं कडं होतं आणि त्याच्या कडेला गंजाची बारीक तांबडी पूड. ती पूड लक्षात ठेव. पावसाचा गंज सगळीकडे सारखा असतो. ही फक्त जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथेच असते. बोल्ट काढला तर ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं.

आठ महिन्यांच्या गाडीत हे का व्हावं? एप्रिलमध्ये मीही तुझ्यासारखेच ४० मिलिमीटर उंच स्प्रिंग बसवून घेतले होते. त्यासाठी हा रॉड सोडावा लागतो. त्या दुकानात गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच बोल्ट आवळले, हाताच्या अंदाजाने. टांगलेल्या गाडीत आवळलं की बुशचं, म्हणजे सांध्यातल्या बाहीचं, रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. त्यात बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हताच. बाकी काम खड्ड्यांनी केलं. दुकानदाराशी भांडायला मी गेलो नाही, पण मी समोर उभा होतो आणि ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा टॉर्क पाना कुठे आहे हे विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तू तुझ्या दुकानात विचार.

चाचांनी ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी बोल्टच्या नेमक्या मापाचे जाड वॉशर वेल्ड केले, नवा बोल्ट, नवे बुश. गाडी जमिनीवर उतरवून, चार-पाचदा बॉनेट दाबून हलवली आणि मग पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळलं. त्यानंतर एकेक चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, बेरिंग ढिलं आहे का पाहायला, मग डावं-उजवं धरून. टाय रॉड सोडून, रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंग काट्याने नकल (चाक धरून वळणारा एक्सलच्या टोकाचा भाग) ओढून पाहिली, किती जोराला ती हलायला लागते ते. खूप सहज फिरली तर बेरिंगचा ताण कमी. माझं ठीक निघालं. तुझं बघून घे, कारण एकदा वॉबल होऊन गेला की त्या हादऱ्यांनीच धडधाकट सांधे खिळखिळे होतात. माझ्या गाडीला तर तीनदा झाला होता.

आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन. गाडी उंच केली की एक्सल थोडा पुढे फिरतो आणि हा कोन कमी होतो, मग चाकाची आपणहून सरळ राहण्याची ओढ कमी होते. मी आधी दोनदा अलाइनमेंट केली होती आणि दोन्ही वेळा 'ओके'ची चिठ्ठी मिळाली होती. पण त्यांनी फक्त टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, लावला होता. सातपूरला एका ठिकाणी चारही चाकांचं मशीन आहे, तिथे आकडे छापून मागितले तेव्हा कळलं की कॅस्टर जवळजवळ दोन अंशांनी कमी आहे. अख्ख्या एक्सलला तो पान्याने फिरवून लागत नाही, कोन भरून काढणारे वेगळे बुश टाकावे लागतात. तू वर रुंद टायर आणि बाहेर निघणारे रिमही टाकलेस. त्याने रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला चाक वळवायला जास्त लांब हात मिळतो. माझं ऐकशील तर तपासणी होईपर्यंत कंपनीचे रिम-टायर परत चढव. त्यातून एक गोष्ट फुकटात कळेल. विशिष्ट वेगाला येऊन, वेग वाढवला की जाणारी थरथर टायर-बॅलन्सिंगची. फक्त ब्रेक मारताना येणारी डिस्कची. खड्डा किंवा जोड लागून सुरू होणारी आणि वेग खूप उतरेपर्यंत न जाणारी, ती ही.

सगळं झाल्यावर चाचांनी जुना, कंपनीचाच डँपर परत लावला. पहाटे पाचला, रस्ता रिकामा असताना, मी एकटा निघालो. चाळीस, पन्नास, साठ, प्रत्येक वेगाला थोडा वेळ. त्यानंतर आजवर नऊ हजार किलोमीटर झाले. त्याच उड्डाणपुलाचे तेच जोड, एकदाही नाही. तरी दर महिन्याला मी बोल्टवर रंगाची रेघ ओढून ठेवतो आणि ती सरकली का पाहतो.

तोपर्यंत कुठे अडकलासच तर अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नकोस, हिसक्याने मोडतील. त्याच्याशी झुंजू नकोस, नुसतं सरळ धरून ठेव. ॲक्सिलरेटर सोड, ब्रेक हलका, चारही इंडिकेटर लाव. पन्नासच्या वर जाऊच नकोस. खरं तर चालवूच नकोस.

श्रावणात या, पण एसटीने किंवा रेल्वेने या. नांदुरीचा घाट मी माझ्या गाडीने चढवतो. आप्पांना पुढची सीट, काकू आणि आई मागे. आप्पांना यातलं काही सांगू नकोस, काळजी करत बसतील.

उद्या सोमवार. सांगलीत जुन्या जीपवाल्या मिस्त्रीला शोध, रॉडच्या बोल्टचा जवळून फोटो काढ, कडेला ती तांबडी पूड आहे का बघ आणि मला पाठव. मी दुपारी जेवायच्या सुटीत वाट बघतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पक्या