संकुलाच्या तळाशी माती राहू द्या

संपादक महोदय,

चिपळूण काय किंवा रत्नागिरी काय, कोकणातल्या बाजारपेठांमधली जुनी व्यापारी संकुलं एकेक करून पुनर्बांधणीला येणार आहेत. अशा वेळी चर्चा होते ती गाळे किती वाढणार याचीच. माझी मागणी साधी आहे : नव्या आराखड्यात तळाचा काही भाग सर्वांसाठी मोकळा ठेवा, आणि तिथे पेव्हर ब्लॉक न घालता माती राहू द्या.

'तळमजल्याचा गाळाच चालतो, वर गिऱ्हाईक चढत नाही,' असं व्यापारी म्हणतील. खरं आहे. पण २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळुणात तळमजल्याच्या मालाचं काय झालं, हेही त्यांनाच विचारा. दुकानं उंच जोत्यावर घ्या, चढायला रुंद उतार द्या, खाली झाडं आणि बाजार असू द्या. वाशिष्ठी नदीचा पूर बागेने अडणार नाही, तशी भाबडी आशा कुणी धरू नये. पण दर पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्याचं गणित वेगळं आहे. दहा गुंठ्यांच्या स्लॅबवर १०० मिमी पाऊस पडला की लाखभर लिटर पाणी होतं. सध्या ते सगळं थेट गटारात जातं.

तैवानमधल्या तैनान शहरात १९८३ चा एक मॉल पाडून २०२० मध्ये त्या जागी सार्वजनिक चौक झाला. तळघरातल्या पार्किंगच्या जागी उथळ पाणी आणि भोवती झाडं आली, जुन्या सांगाड्याचे काही खांबही राखले. मात्र त्याची जशीच्या तशी नक्कल नको. खोलगट चौक चिपळुणात केला तर जुलैत त्याचा तलाव होईल.

आपल्याकडे ही जागा लागते ती वेगळ्याच कामासाठी. दसपटीच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने आलेली बाई बाजार उरकून परतीच्या गाडीपर्यंत बसते कुठे? बंद दुकानाच्या पायरीवर, तेही मालक येईपर्यंत. मे महिन्यात रातांबे, करवंदं, फणसाचे गरे विकणाऱ्या बायका गटाराच्या झाकणावर बसतात. त्यांना ओटे, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह द्या. कारंजं नसलं तरी चालेल. लॉन तर नकोच, दिवाळीनंतर त्याला पाणी घालणार कोण? करंज, बकुळ, उंडी लावा, ही आपल्या मातीतली झाडं आहेत.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १० टक्के मोकळ्या जागेची अट साधारण एकरभर म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. बाजारपेठेतले बहुतेक भूखंड तेवढे मोठे नसतात, म्हणजे नियमावर विसंबून काही मिळणार नाही. जमीन नगरपरिषदेची असेल तिथे निविदेतच ही अट घालावी लागेल, आणि नकाशा निविदेआधी बाजारात सर्वांना वाचता येईल असा लावावा. एकदा ठेकेदार नेमला की मोकळ्या जागेचं पार्किंग व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक, फाटक बसवू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बागा दुपारी कुलूपबंद असतात, आणि गावाकडे जाणाऱ्या माणसाला सावली नेमकी तेव्हाच हवी असते.

– एक वाचक, चिपळूण