तो फेरफटका नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंतराळ स्थानकाबाहेर कुणी कामाला उतरलं की आपल्या पेपरात मथळा ठरलेला असतो : 'अंतराळात फेरफटका'. मी बत्तीस वर्षं लाइनमन होतो, आता निवृत्त आहे. अकरा केव्हीच्या पोलवर चढलेल्या माणसाकडं बघून 'हवा खायला गेला' असं आजवर कुणी म्हटलं नाही. मग चारशे किलोमीटर उंचीवर पाना-पक्कड घेऊन सात-सात तास राबणाऱ्याचाच फेरफटका कसा होतो, हे विचारायला हे पत्र. एक मागणीही आहे, ती शेवटी सांगतो.

अशी एक दुरुस्ती मी थेट पाहिलेली आहे. पूर्ण नाही, पण पाहिली. ३ नोव्हेंबर २००७, शनिवार होता. दिवाळी आठवड्यावर आलेली, वावरात कापूस फुटून पांढरा झालेला आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. मुलगा अकरावीत होता. त्यानं सकाळपासून धोशा लावला, बाबा, आज दुपारी साडेतीनला वरची लाइन दुरुस्त करणार आहेत, पाहायला चला. मी विचारलं, "वरची म्हंजे कोणत्या फीडरची?"

तालुक्याला बसस्टँडच्या मागं एक इंटरनेट कॅफे होता, अर्ध्या तासाचे दहा रुपये. नासाचं चॅनल तिथं काड्यापेटीएवढ्या चौकोनात दिसायचं. माणूस हात उचलायचा, चित्र थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं तोवर हात खाली आलेला असायचा. मी माऊसला हात लावला की कॅफेवाला पोरगा ओरडे, "काका, बफरिंग होऊन राह्यलं, हात नका लावू." बोलणं सगळं इंग्रजीत, तेही खरखरीत. मुलगा जमेल तसं सांगत होता. पण थोड्या वेळानं मला त्याची गरज उरली नाही, कारण काम ओळखीचं निघालं.

झालं होतं असं. स्थानकाचे सौरपंख एकेक पस्तीस मीटर लांब, घड्या घालून पेटीत बसणारे. त्यातला पी-सिक्स नावाचा जोड २००० सालापासून तात्पुरत्या जागी होता. तो काढून ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस डाव्या टोकाला, त्याच्या कायमच्या जागी नेला. मग पंख पुन्हा उलगडायला घेतले, तर एक पंख पाऊणएक उघडल्यावर फाटला. पंखातून जाणारी एक बारीक तार अडकली आणि तिच्या ओढीनं दीड-दोन हातांची चीर पडली. अर्धवट उघडा पंख तसाच ठेवता येत नव्हता, कारण ताण नसेल तर पंखाला धरणाऱ्या खांबात दम राहत नाही. आणि ती वीज हवीच होती. त्यानंतर युरोपची प्रयोगशाळा जोडायची होती.

माझा पहिला प्रश्न लाइनमनचा होता. लाइन बंद करून चढणार ना? मुलगा म्हणाला, बंद होतच नाही. पंखावर ऊन पडलं की वीज तयार होणारच, शंभर व्होल्टच्या वर. मी म्हटलं, मग परमिट कोणाकडून घ्याचं, सूर्याकडून? (परमिट म्हणजे लाइन बंद करून कामाला चढायची परवानगी.) कॅफेतली दोन-तीन पोरं हसली, पण मला हसू आलं नव्हतं. चालू लाइनवर काम करणं काय असतं ते आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे आणि काहींची घरं त्यानं बसलेली आहेत.

चढणारा माणूस स्कॉट पॅराझिन्स्की. शिक्षणानं डॉक्टर, सहा फुटांच्या वर उंच. उंचीचा इथं खरंच उपयोग झाला, कारण जागा हाताच्या टोकाशी येत होती. स्थानकाच्या यांत्रिक हाताला, तिथं येऊन लागलेल्या अमेरिकेच्या शटल यानाचा पंधरा मीटरचा दांडा जोडला होता आणि त्या दांड्याच्या शेवटावर याचे पाय अडकवलेले. शिडीला शिडी बांधून चढावं तसा प्रकार. सूटवरचे धातूचे भाग आणि हत्यारं टेपनं गुंडाळली होती, आपण पक्कडीच्या मुठीला गुंडाळतो तशी. एका हातात इन्सुलेशन केलेली वाकडी काठी, पंख अंगावर झुलत आला तर ढकलायला. तारेवर आलेली फांदी आम्ही वाळक्या बांबूनं अशीच सारत होतो. मुलाला म्हटलं, हे हत्यार अमेरिकेचं नाही, आपलं आहे.

टाके घालायला जे नेलं होतं ते तर यानातच बनवलेलं. तार आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून पाच 'कफलिंक' तयार केले होते. तारेच्या दोन्ही टोकांना पट्टी. एक पट्टी चिरेच्या या बाजूच्या भोकातून घालायची, दुसरी त्या बाजूच्या, म्हणजे ओढ तारेवर येते आणि फाटलेल्या भागाला आराम मिळतो. स्टोअरमधून सामान येईस्तोवर भंगारातला तुकडा कापून वेळ भागवणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. पण ते काम फुगलेल्या हातमोज्यात करायचं होतं. सूटमध्ये हवेचा दाब असतो, मूठ मिटायची म्हणजे दर वेळी चेंडू दाबल्यासारखं जोर लावावा लागतो. आमचे रबरी हातमोजे बोटं धड वाकू देत नाहीत म्हणून काढून ठेवायचा मोह होतो. त्याला ती सोय नव्हती. वर दीड तासात एक दिवस आणि एक रात्र. ऊन गेलं की शिरस्त्राणाच्या दिव्यावर काम.

मला सगळ्यात पटला तो दुसरा माणूस, डग व्हीलॉक. तो पंखाच्या बुडाशी थांबून नजर ठेवत होता, अंतर किती, पंख कुठं सरकतो, आणि वरच्याला सांगत होता. पोलवर चढणाऱ्याचा जीव खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या डोळ्यांत असतो. तो विडी पेटवायला वळला की संपलं. पेपरात नाव मात्र चढणाऱ्याचंच येतं, व्हीलॉकचंही फारसं कुठं वाचलं नाही.

आणि पक्कड! त्या कामात पॅराझिन्स्कीच्या हातची लांब चोचीची पक्कड निसटली आणि गेली. आमच्या हातून सुटली तर खाली पडते, फार तर खालच्याच्या शिव्या खाव्या लागतात. तिथं ती खाली येत नाही, सरळ लांब निघून जाते. म्हणून तिथं प्रत्येक वस्तूला दोरी असते, आणि दोरी असूनही जाते. याच पी-सिक्सचा एक पंख डिसेंबर २००६ मध्ये घडी होताना अडकला होता. तेव्हा सुनीता विल्यम्स बाहेर उतरून त्याची पेटी हलवून हलवून घड्या सोडवत होत्या. त्या खेपेत त्यांचा कॅमेरा असाच निसटून गेला. सुनीताताई पुढं एकूण नऊ वेळा बाहेर उतरल्या, बासष्ट तासांहून जास्त. आपल्याकडं त्यांच्याबद्दल छापून येतं ते त्यांच्या वडिलांचं झुलासन गाव आणि सोबत नेलेली गणपतीची मूर्ती. पेटी हलवली हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी भारनियमन सुरू झालं. त्या वर्षी ते किती होतं हे ग्रामीण वाचकांना सांगायला नको. कॅफेवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचीच मेहरबानी, काका." इन्व्हर्टरवर आणखी तासभर निघाला. पहिले टाके पडताना आम्ही पाहिले. मग फोन आला की गावाकडच्या लाइनचा जंपर, म्हणजे तारांना जोडणारा तुकडा, गेलाय, रात्री सप्लाय आला तरी कुणाच्या मोटारी चालणार नाहीत. मुलाला बसमध्ये बसवलं आणि मी गेलो. परमिट घेऊन, अर्थिंग करून नऊच्या सुमारास पोलवर चढलो. खाली हेल्पर बॅटरी धरून. त्याला म्हटलं, बाप्पा, या टायमाला आणखी एक जण वर आहे अन् त्याची लाइन चालू आहे. तो म्हणाला, "काहून भेव दाखवता, साहेब?"

तिकडचं काम आपल्या वेळेनुसार रात्री अकराच्या आत संपलं, सात तास एकोणीस मिनिटं. पाचही टाके बसले आणि पंख पूर्ण उघडला. हे मला नंतर कळलं. पेपरात शोधलं तर आतल्या पानावर दोन ओळी होत्या आणि त्यात तोच शब्द, फेरफटका. तो कोणता पेपर ते सांगत नाही. बहुतेक सगळेच होते.

आता मागणी. २०२५ च्या जानेवारीत इस्रोनं दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडून दाखवले. त्याच वर्षी शुभांशु शुक्ला स्थानकावर राहून आले, बाहेर मात्र उतरले नाहीत. आपलं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलेलं आहे, पहिला भाग २०२८ ला. म्हणजे आपला माणूस पाना घेऊन बाहेर पडेल तो दिवस फार लांब नाही. त्या दिवशी मराठीत बोलणारा कुणी तरी हवा. क्रिकेटचं समालोचन मराठीत चालतं, मग याचंही चालेल. फक्त तो माणूस 'अथांग अवकाश' वगैरे बोलणारा नको. कोणता बोल्ट, किती फेरे, अडकला कशानं, हे सांगणारा हवा. आयटीआयच्या एखाद्या निदेशकाला बसवलं तरी चालेल.

तोवर आपण दोन गोष्टी कराव्यात. कुणी बाहेर उतरणार असेल तर आदल्या दिवशी भारतीय वेळ आणि काम काय आहे ते छापा. पाव इंच जागा लागेल. आणि स्थानक विदर्भावरून दिसणार असेल त्याची वेळ पंचांगाच्या चौकटीशेजारी द्या. सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर ते पाच-सहा मिनिटं दिसतं, विमानासारखं लुकलुकत नाही, एकसारखं चकाकत जातं. माझा मुलगा पुण्याहून मोबाईलवर वेळ पाठवतो म्हणून मला कळतं. जागलीला वावरात गेलेल्या सगळ्यांचीच पोरं पुण्यात नाहीत.

वेळ मात्र तास-मिनिटांत द्या. नुसतं 'पहाटे' लिहिलं तर आमच्याकडं तीन ते सहा काहीही होतं. आणि वायव्य-नैऋत्य लिहू नका, मावळतीकडून डाव्या अंगाला की उजव्या, तेवढं लिहा.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
ता. दारव्हा, जि. यवतमाळ